मिशिगन टेरिटरीचा न्यायाधीश : ऑगस्टस वुडवर्ड

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना इंग्लंडकडून जो मुलूख मिळाला, त्यातील मोठा भाग मूळ तेरा संस्थानांच्या हद्दीबाहेर, ॲपलॅशियन पर्वताच्या पलीकडे पसरलेला होता आणि तेथे शासन कसे चालवावे हा नव्या राष्ट्रापुढील पहिला मोठा घटनात्मक प्रश्न होता. ओहायो नदीच्या उत्तरेकडील ‘वायव्य प्रदेशा’पुरते त्याचे उत्तर 1787 च्या ‘नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स’ या कायद्याने दिले. अशा भागाला ‘टेरिटरी’ म्हणावे, म्हणजे लोकसंख्या पुरेशी वाढून घटकराज्याचा दर्जा मिळेपर्यंत केंद्र सरकारच्या थेट अंमलाखाली राहणारा प्रदेश मानावे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा कारभार एक गव्हर्नर, एक सचिव व तीन न्यायाधीश यांच्याकडे सोपवावा, अशी ती व्यवस्था होती. प्रदेशात पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष होईपर्यंत लोकांनी निवडलेली विधानसभा असणार नव्हती. तोवर गव्हर्नर आणि न्यायाधीश यांनी बहुमताने मूळ संस्थानांच्या कायद्यांतून परिस्थितीला योग्य असे कायदे उचलावेत, ते जाहीर करावेत आणि पुढे त्याच न्यायाधीशांनी न्यायासनावर बसून त्यांचा अर्थ लावावा, असे ठरले. कायदा करणारा आणि त्या कायद्याने न्याय देणारा एकच असू नये, हे तत्त्व मान्य करणाऱ्या राष्ट्रानेच आपल्या सीमावर्ती प्रदेशात ते तत्त्व तात्पुरते बाजूला ठेवले होते. या तडजोडीतून टेरिटरीचा न्यायाधीश हे एक विलक्षण पद निर्माण झाले आणि त्या पदाची ताकद व मर्यादा मिशिगनच्या ऑगस्टस ब्रेव्होर्ट वुडवर्डच्या कारकिर्दीत जितक्या स्पष्टपणे दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात.

वुडवर्डचा जन्म 1774 मध्ये न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे जन्मनाव इलायस होते; ते बदलून त्याने रोमन सम्राटाचे ऑगस्टस हे नाव स्वतःहून घेतले, आणि प्राचीन ग्रीस व रोमविषयीची ही ओढ त्याच्या पुढील जवळजवळ प्रत्येक कामात उतरलेली आढळते. कोलंबिया कॉलेजातून 1793 मध्ये पदवी घेतल्यावर त्याने काही काळ फिलाडेल्फियात सरकारी खजिन्याच्या कचेरीत काम केले आणि काही काळ व्हर्जिनियात शिक्षकी केली. याच वर्षांत थॉमस जेफरसनशी त्याचा परिचय झाला. विज्ञान, भाषा आणि राज्यव्यवस्था या तिन्ही विषयांची आवड असलेल्या या दोघांचा स्नेह पुढे टिकून राहिला. नवी राजधानी वॉशिंग्टन उभी राहत असताना वुडवर्ड तेथे वकिली करू लागला. शहराच्या नगरपरिषदेवर तो निवडून आला आणि पियेर लांफां या फ्रेंच वास्तुकाराने आखलेले रुंद, तिरपे रस्ते जमिनीवर उतरताना त्याने स्वतः पाहिले. सूर्याच्या द्रव्याविषयी त्याने 1801 मध्ये एक पुस्तिका लिहिली. त्याच सुमारास ‘एपामिनोंडस’ या टोपणनावाने त्याने राजधानीच्या कारभाराविषयी लेखमाला प्रसिद्ध केली आणि राजधानीच्या रहिवाशांना काँग्रेसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संसदेत, प्रतिनिधित्व नाही हा अन्याय तिच्यात ठामपणे मांडला. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण प्रतिनिधित्वाविना शासन चालू नये असे मांडणारा हाच माणूस थोड्याच वर्षांत एकही निवडून आलेला सदस्य नसलेल्या शासनाचा प्रमुख घटक होणार होता.

काँग्रेसने जानेवारी 1805 मध्ये इंडियाना टेरिटरीपासून मिशिगन वेगळे केले आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसनने विल्यम हल याला गव्हर्नर, तर वुडवर्डला न्यायाधीश नेमले. नवे शासन 30 जून रोजी अस्तित्वात येणार होते, पण त्याआधीच 11 जून रोजी राजधानी डेट्रॉइट आगीत जळून गेली. फ्रेंचांनी 1701 मध्ये वसवलेले, 1760 मध्ये इंग्रजांकडे आणि 1796 मध्ये अमेरिकेकडे आलेले हे गाव लाकडी कोटाच्या आत, अरुंद गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरांनी दाटलेले होते, त्यामुळे दुपारपर्यंत जवळजवळ सगळे गाव राख झाले. ठरलेल्या दिवशी वुडवर्ड आणि त्याच्या पाठोपाठ हल तेथे पोहोचले, तेव्हा कुटुंबे नदीकाठच्या शेतांवर, नातलगांच्या घरी किंवा उघड्यावर राहत होती आणि जुन्याच जागी घरे बांधायला काही जणांनी सुरुवातही केली होती. नव्या अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवले. गाव नव्याने आखायचे ठरले आणि आखणीचे काम वुडवर्डकडे आले.

डेट्रॉइटची ही आखणी नगररचनेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. प्रत्येक बाजू 4,000 फूट असलेला समभुज त्रिकोण हा तिचा पाया होता. त्रिकोणाच्या प्रत्येक कोनातून समोरच्या बाजूवर लंब टाकायचा, त्रिकोणाच्या टोकांशी मोठी वर्तुळाकार मैदाने ठेवायची, मधल्या जागी सार्वजनिक चौक सोडायचे, प्रमुख हमरस्ते 200 फूट आणि त्याखालचे 120 फूट रुंद ठेवायचे आणि शहर वाढेल तसे असेच त्रिकोण एकमेकांना जोडत जायचे, असा तो आराखडा होता. संपूर्ण मिशिगन टेरिटरीची लोकसंख्या 1810 च्या जनगणनेत 4,762 भरली, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचा आवाका कळतो. वुडवर्डच्या नजरेसमोर जळून गेलेले गाव नव्हते, सरोवरांच्या व्यापारमार्गावर पुढे उभे राहणारे महानगर होते, आणि महानगराविषयीचा त्याचा अंदाज शंभर वर्षांनी खरा ठरला.

त्या उन्हाळ्यात घर गमावलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा होता : आपली जागा कोणती आणि ती केव्हा मिळणार? काँग्रेसने 21 एप्रिल 1806 रोजी गव्हर्नर व न्यायाधीशांना जुने गाव आणि त्यालगतची 10,000 एकर जमीन वाटपासाठी दिली. आगीच्या वेळी गावात ज्यांचे घर होते किंवा जे तेथे राहत होते, अशा सतरा वर्षांवरील प्रत्येकाला 5,000 चौरस फुटांपर्यंतचा भूखंड द्यावा, असे त्या कायद्यात होते. त्रिकोणांच्या भूमितीत मात्र भूखंडांचे आकार वेडेवाकडे येत, नकाशा पुन्हा पुन्हा दुरुस्त केला जाई, आणि कोणाला कोणता तुकडा द्यायचा हे ठरवणारी, तक्रार ऐकणारी व प्रकरण न्यायालयात गेल्यास निकाल देणारी माणसे तीच होती. लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. आपल्या शेताच्या पट्ट्यांतून शहराचे रस्ते जाऊ देण्यास नदीकाठच्या जमीनदारांनी विरोध केला आणि वुडवर्ड वॉशिंग्टनला गेला असताना 1818 च्या सुमारास सहकाऱ्यांनी उत्तरेकडील भाग साध्या चौकोनी पद्धतीने आखून घेतला. परतल्यावर त्याने केलेला निषेध व्यर्थ गेला. आज डेट्रॉइटच्या मध्यभागी अर्धवर्तुळाकार ग्रँड सर्कस पार्क, कँपस मार्शियस हा चौक आणि तेथून फाकणारे रस्ते दिसतात. मूळ आराखड्याचा तेवढाच तुकडा प्रत्यक्षात आला आणि त्यातून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्याला वुडवर्डचेच नाव आहे.

कायदे करण्याच्या कामातही हाच उत्साह आणि हीच अधीरता दिसते. मूळ संस्थानांचे कायदे ‘उचलण्याचा’ अधिकार होता, नवे रचण्याचा नव्हता. पण एका संस्थानाच्या कायद्यातील एक कलम, दुसऱ्यातील दुसरे, असे तुकडे जुळवले की हवा तो कायदा तयार होऊ शकत असे आणि मिशिगनमध्ये तसे उघडपणे होत गेले. 1805 च्या कायद्यांचा संग्रह ‘वुडवर्ड संहिता’ म्हणून ओळखला जातो. त्या आधी या प्रदेशात पॅरिसच्या परगण्यातला जुना फ्रेंच रिवाजी कायदा, इंग्रजांचे कायदे, वायव्य प्रदेशाचे आणि इंडियानाचे कायदे असे थर साचलेले होते; ते सगळे 1810 मध्ये एकत्रच रद्द करण्यात आले. दुसरीकडे, बोस्टनच्या भांडवलदारांच्या मागणीवरून 1806 मध्ये डेट्रॉइट बँकेला सनद दिली गेली आणि सनद देणाऱ्या मंडळातील न्यायाधीश वुडवर्ड स्वतःच त्या बँकेचा अध्यक्ष झाला. या विस्तीर्ण अरण्यप्रदेशात त्या बँकेच्या नोटा वटवायला कोण येणार, हा प्रश्न वाजवी होता, आणि काँग्रेसने 1807 मध्ये हा कायदा नामंजूर केला. वुडवर्डच्या कारकिर्दीवरील आक्षेपांपैकी हा सर्वांत गंभीर मानला पाहिजे, कारण येथे त्याच्या पदातील दोष आणि त्याचे स्वतःचे वर्तन या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत न्यायाधीश म्हणून त्याने जे केले, ते मात्र अगदी वेगळ्या कोटीचे आहे. पीटर आणि हॅना डेनिसन हे कृष्णवर्णीय जोडपे पूर्वी विल्यम टकर नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीचे होते. टकरच्या मृत्यूनंतर ते दोघे स्वतंत्र झाले, पण त्यांची मुले टकरची विधवा कॅथरीन हिच्या ताब्यात गुलाम म्हणून राहिली. वायव्य प्रदेशात गुलामगिरी असणार नाही असे 1787 च्या कायद्यातील सहावे कलम सांगत होते, म्हणून डेनिसन दांपत्याने इलायजा ब्रश या वकिलामार्फत ‘हेबियस कॉर्पस’चा, म्हणजे बंदिस्त व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करून तिला अडकवून ठेवण्याचे कारण सांगायला लावणाऱ्या हुकमाचा, अर्ज केला. प्रकरण दिसायला सरळ होते, तरी कायद्याच्या दृष्टीने ते सरळ नव्हते. इंग्लंडशी 1794 मध्ये झालेल्या ‘जे ट्रीटी’ नावाच्या तहाने डेट्रॉइटच्या इंग्रजी रहिवाशांना त्यांची सर्व प्रकारची मालमत्ता बिनधोक उपभोगण्याची हमी दिली होती, आणि त्या काळच्या कायद्यानुसार गुलाम माणूस मालमत्तेतच मोजला जाई. शिवाय 1796 पर्यंत डेट्रॉइटवर अंमल इंग्रजांचा होता आणि अप्पर कॅनडा या इंग्रजी प्रांताने 1793 मध्ये गुलामांच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांना पंचविसाव्या वर्षी मुक्त करणारा कायदा केला होता.

वुडवर्डने सप्टेंबर 1807 मध्ये दिलेला निकाल या तिन्ही दस्तऐवजांची सांगड घालतो. 1793 च्या कायद्यापूर्वी जन्मलेले आणि 11 जुलै 1796 रोजी, म्हणजे अमेरिकेने डेट्रॉइट ताब्यात घेतले त्या दिवशी, इंग्रजी रहिवाशांच्या ताब्यात असलेले गुलाम तहामुळे गुलामच राहतील. त्या दोन तारखांच्या दरम्यान जन्मलेले पंचविसाव्या वर्षापर्यंत सेवेस बांधलेले राहतील. आणि त्या दिवसानंतर जन्मलेले पूर्णपणे स्वतंत्र असतील. याचा अर्थ असा झाला की डेनिसन दांपत्याची मुलगी लिझेट आणि तिचे दोन भाऊ यांना जन्मभर गुलामगिरीत ठेवणारा आदेश याच न्यायाधीशाने दिला. गुलामगिरीविषयी त्याला स्वतःला तिटकारा होता, तरी राष्ट्राने शब्द दिला आहे तो पाळावाच लागेल, असे तो मानत होता. आजच्या वाचकाला हा निकाल बोचतो आणि तो बोचायलाच हवा, कारण तहाच्या एका वाक्यातील ‘मालमत्ता’ हा शब्द येथे जिवंत माणसांच्या आयुष्यावर चालवला गेला होता.

पण पुढच्याच महिन्यात नदीच्या पलीकडचा, कॅनडातील एक गुलाममालक, रिचर्ड पॅटिन्सन, डेट्रॉइटला पळून आलेले आपले गुलाम परत मिळावेत म्हणून त्याच न्यायालयात आला. येथे वुडवर्डने तहाकडे त्याच काटेकोरपणे पाहिले आणि त्याला तेथे काहीच सापडले नाही : परदेशातून पळून आलेल्या गुलामांना परत करण्याची जबाबदारी इंग्लंडशी झालेल्या कोणत्याही करारात नव्हती आणि फरारी परत करण्याचा 1787 च्या कायद्यातील नियम मूळ संस्थानांतून पळालेल्यांपुरता होता. अर्ज फेटाळला गेला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की त्यांचा व्यावहारिक परिणाम ध्यानात येतो. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर पोहोचलेल्या माणसाला मालक परत मागू शकणार नाही, हे अमेरिकेच्या बाजूने ठरले. मग पलीकडच्या बाजूलाही अमेरिकन मालकाची मागणी मान्य होण्याचे कारण उरले नाही. लिझेट डेनिसन आणि तिचा भाऊ नदी ओलांडून कॅनडात गेले आणि काही वर्षांनी स्वतंत्र माणसे म्हणून परत आले. तिने 1825 मध्ये पाँटियाक येथे स्वतःच्या नावावर जमीन विकत घेतली. 1866 मध्ये ती मरण पावली, तेव्हा तिने मागे ठेवलेल्या पैशातून ग्रोस आईल या बेटावर एक चर्च बांधले गेले. तहाच्या मजकुराने ज्या न्यायाधीशाचे हात बांधले होते, त्यानेच तो मजकूर जेथे संपतो तेथे माणसांना वाट मोकळी करून दिली. वुडवर्डच्या बुद्धीला शिस्त लावायला असे बंधन लागत असे. त्रिकोणांचा नकाशा किंवा बँकेची सनद लिहिताना ते नव्हते, न्यायासनावर होते.

अमेरिका व इंग्लंड यांच्यातील 1812 च्या युद्धाने त्याच्यापुढे आणखी एक दस्तऐवज ठेवला. गव्हर्नर हलने 16 ऑगस्ट 1812 रोजी डेट्रॉइट न लढताच इंग्रज सेनापती आयझॅक ब्रॉकच्या स्वाधीन केले. टेरिटरीचे बाकीचे अधिकारी पकडले गेले किंवा निघून गेले, पण वुडवर्ड शत्रूच्या अमलाखालील गावात राहिला. इंग्रज सेनानी हेन्री प्रॉक्टरने त्याला सचिवपद देऊ केले, ते त्याने शेवटी घेतले नाही, तरी त्याच्या राहण्याबद्दल पुढे बराच संशय व्यक्त झाला. तो तेथे काय करत होता, हे 1813 च्या जानेवारीत दिसले. रायझिन नदीकाठच्या फ्रेंचटाउन येथे पराभूत अमेरिकन सैन्याचे जखमी सैनिक मागे ठेवून प्रॉक्टर निघून गेला आणि 23 जानेवारी रोजी इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मूलनिवासी योद्ध्यांनी त्यांतील अनेकांना ठार मारले. शरणागतीच्या करारातील हमी मोडली गेली, असे वुडवर्डने प्रॉक्टरला लेखी कळवले आणि पुरावा मागितला गेल्यावर प्रत्यक्षदर्शींचे शपथेवरचे जबाब एकामागून एक नोंदवून त्याच्यासमोर ठेवले. सैन्य ज्याच्या हाती आहे त्याला निःशस्त्र न्यायाधीशाने कराराच्या कलमाने जाब विचारणे, हे त्याच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याचे कृत्य होते. प्रॉक्टरने गावातील प्रमुख नागरिकांना हद्दपार केले आणि वुडवर्डही परवाना मागून पूर्वेकडे निघून गेला. त्या जबाबांमुळे त्या दिवशीची हकीगत लेखी शिल्लक राहिली.

युद्धानंतर लुइस कास गव्हर्नर झाला आणि वुडवर्ड परत न्यायासनावर आला. 1816 मध्ये त्याने सर्व ज्ञानशाखांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 26 ऑगस्ट 1817 रोजी त्या वर्गीकरणाला कायद्याचे रूप मिळाले. ‘कॅथोलेपिस्टेमियाड, अर्थात मिशिगनिया विद्यापीठ’ या संस्थेची स्थापना करणाऱ्या त्या कायद्यात तेरा अध्यासने होती आणि त्यांची नावे ग्रीक व लॅटिन धातूंपासून त्याने स्वतः घडवली होती. लोकांना ती उच्चारता येत नसत आणि कासनेही त्यांची टर उडवली, हे खरे. पण त्या नावांखालची तरतूद गंभीरपणे वाचण्याजोगी आहे. प्राथमिक शाळांपासून ग्रंथालये, संग्रहालये व वेधशाळांपर्यंत टेरिटरीतील सगळे शिक्षण एका सार्वजनिक संस्थेखाली यावे आणि त्याचा खर्च करांतून व लॉटऱ्यांतून भागवावा, अशी ती योजना होती. करात त्यासाठी 15 टक्के वाढ सुचवली होती. तेरा अध्यासनांसाठी तेरा विद्वान तेथे कोठून येणार? म्हणून ती सगळी दोघांत वाटली गेली : जॉन माँटीथ हा तरुण प्रेस्बिटेरियन पाद्री अध्यक्ष झाला, तर गॅब्रिएल रिशार हा कॅथलिक धर्मगुरू उपाध्यक्ष. दोन परस्परविरोधी पंथांचे धर्मगुरू एका शाळेच्या छपराखाली आले, याचे मोल त्या काळात थोडे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात फोर्ट मेग्ज येथे झालेल्या तहात ओटावा, ओजिब्वे व पोटावाटोमी या मूलनिवासी लोकांनी डेट्रॉइटच्या सेंट अ‍ॅन चर्चला आणि या नव्या शाळेला जमीन दिली. आपल्या मुलांनाही येथे शिकता यावे, ही अपेक्षा त्या दानामागे होती. ती पूर्ण झाली नाही.

हे सगळे चालू असताना न्यायालयाच्या आत मात्र वैर वाढत होते. सहकारी न्यायाधीश जॉन ग्रिफिन बहुधा वुडवर्डच्या बाजूने मत देई आणि व्हर्माँटहून आलेला जेम्स विदरेल विरोधात. दोन न्यायाधीश हजर असले की न्यायालय भरू शके, म्हणून तिसऱ्याच्या अनुपस्थितीत निकाल लावल्याच्या तक्रारी होत राहिल्या. वुडवर्ड उंच, एकाकी, कपड्यांबाबत बेफिकीर आणि अतिशय दीर्घ निकाल लिहिणारा होता. त्याने लग्न केले नाही. काँग्रेसमध्ये टेरिटरीचा प्रतिनिधी म्हणून जाण्याचा त्याचा प्रयत्न फसला. लोकांनी 1818 मध्ये विधानसभेची मागणी मतदानाने फेटाळली होती, कारण तिच्याबरोबर येणारा कर बहुसंख्य फ्रेंच शेतकऱ्यांना नको होता. पण न्यायाधीशांच्या हातून कायदे करण्याची सत्ता काढून घ्यावी, ही मागणी जोर धरत गेली आणि काँग्रेसने 3 मार्च 1823 च्या कायद्याने ती मान्य केली. कायदे करण्यासाठी स्वतंत्र मंडळ आले आणि न्यायाधीशांची नेमणूक चार वर्षांपुरती झाली. राष्ट्राध्यक्ष मन्रो वुडवर्डला पुन्हा नेमणार होता, पण तो दारू पिऊन न्यायासनावर बसतो असा आरोप वॉशिंग्टनला पोहोचला आणि 1824 मध्ये त्याचे पद गेले. थोड्याच महिन्यांत मन्रोने त्याला फ्लॉरिडा टेरिटरीचा न्यायाधीश नेमले. 1825 मध्ये त्याने आणि दोन भागीदारांनी मिशिगनमध्ये ह्युरॉन नदीकाठी आखलेल्या गावाला ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी डिमिट्रियस इप्सिलांटीचे नाव मिळाले. फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे 1827 मध्ये वुडवर्डचा मृत्यू झाला.

टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे कागद मात्र टिकले. विल्यम वर्ट ब्लूम या कायद्याच्या प्राध्यापकाने 1935 ते 1940 या काळात ते सहा खंडांत प्रसिद्ध केले, आणि अर्ज, समन्स, जबाब व निकाल यांतील शिस्त पाहिल्यावर, सीमेवरच्या खेडवळ न्यायालयात कायद्याची कार्यपद्धती नव्हती हा समज टिकत नाही. 1817 च्या विद्यापीठाचे भवितव्यही न्यायालयातच ठरले. ती संस्था 1821 मध्ये नव्या कायद्याखाली आली. घटकराज्य झालेल्या मिशिगनने 1837 मध्ये ॲन आर्बर येथे विद्यापीठ उभारले आणि डेट्रॉइटमधील जुन्या संस्थेच्या मालमत्तेवरून वाद निर्माण झाला. 1856 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दोन्ही संस्था कायद्याच्या दृष्टीने एकच आहेत, म्हणून ती मालमत्ता ॲन आर्बरच्या विद्यापीठाची आहे. त्याच सातत्याच्या आधारावर मिशिगन विद्यापीठाच्या संचालक मंडळाने 1929 मध्ये आपले स्थापनावर्ष 1837 ऐवजी 1817 मानायचे ठरवले.